ओपन सोर्स लायब्ररी सांभाळायला शिकायचंय? मग इथून सुरुवात करा

इंदूरला कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली मुलंमुली भेटली, एसजीएसआयटीएसची असोत की डीएव्हीव्हीच्या आयईटीची, की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, ओपन सोर्समधे काय नवीन बनवू?" आणि मी दरवेळी सांगते की आत्ता नवीन काही बनवू नका, बनलेली एखादी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममधे वापरायचा तयार कोड, सांभाळायला शिका. नवीन लायब्ररी लिहिणं दोन-चार रात्रींत होऊन जातं, ती वर्षानुवर्षं चालती ठेवायची म्हणजे काय करायचं ते मात्र कोणी शिकवत नाही, म्हणून हे लिहितेय. जरा लांबलंय, पण क्रमाने वाचा.

मी विजय नगरला नोकरी करते आणि त्याशिवाय पायथनची एक छोटी लायब्ररी सांभाळते. तिचं काम साधं, आकडा दिला की मराठीत अक्षरी रक्कम लिहून द्यायची, १२,३४,५६७ असे लाखाच्या हिशोबाने स्वल्पविराम टाकायचे, तारीख मराठीत लिहायची. कोणी त्यावर दुकानाच्या पावत्या छापतं, कोणी सोसायटीची बिलं, कोणी शाळेच्या फीची रिसीट. कोण कोण वापरतं ते मला पूर्ण कधीच कळत नाही, डाउनलोडच्या आकड्यावरूनही नाही, कारण त्यात ऑटोमॅटिक बिल्डचे डाउनलोड पण मोजले जातात. म्हणजे कोणीतरी अनोळखी माणसाने आपल्या भरवशावर त्याचं काम उभं केलेलं असतं, आणि त्याने सहज पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या टूलने) अपग्रेड केलं म्हणून त्याच्या पावत्या बंद पडता कामा नयेत. पुढे कुठल्याही पायरीवर अडलात तर ह्याच प्रश्नापाशी या, की मी हा बदल केला तर त्या माणसाचं काय होईल. मला तरी बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पायरी पहिली: लायसन आणि नोकरीचा करार

गिटहबवर कोड उघडा दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही. रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या तिथल्या फोल्डरमधे, लायसनची फाइल नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याचे, तुम्ही वाचू शकता पण बदलून पुढे वाटायची परवानगी तुम्हाला मिळालेली नसते. एमआयटी, बीएसडी, अपाची २.० आणि जीपीएल ही चार नावं सतत दिसतील. एमआयटी तर काही परिच्छेदांचंच आहे, ते आजच वाचून टाका. एक नियम डोक्यात पक्का ठेवा, जीपीएलच्या प्रोजेक्टमधला तुकडा उचलून एमआयटीच्या लायब्ररीत चिकटवायचा नाही, मग तो कितीही छोटा असो.

नोकरी लागली असेल तर ऑफर लेटरसोबत सही केलेला करार काढून बघा. बऱ्याच ठिकाणी असं कलम असतं की नोकरीत असताना लिहिलेला कोड कंपनीचा, कधीकधी ऑफिसच्या वेळेबाहेरचा सुद्धा. एचआरला मेल करून लेखी परवानगी घ्या आणि मेल जपून ठेवा. तोंडी "हो हो, कर की" ह्याच्यावर विसंबू नका, कारण तो साहेब वर्षभराने दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

पायरी दुसरी: आपल्या मशीनवर टेस्ट चालवा

लायब्ररी निवडताना लांब जाऊ नका. तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टच्या रिक्वायरमेंट्स फाइलमधे जी नावं आहेत त्यातलंच एखादं घ्या, कारण ती वापरायची कशी ते तुम्हाला आधीच माहितीये. शक्यतो लहान घ्या. मग रीडमी म्हणजे ओळख करून देणारी फाइल वाचा, कॉन्ट्रिब्यूटिंगची फाइल असेल तर तीही, फोर्क करा म्हणजे गिटहबवर आपली प्रत घ्या, क्लोन करा म्हणजे ती मशीनवर उतरवा, व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे तिच्या पॅकेजांची वेगळी जागा बनवा आणि काहीही न बदलता सगळ्या टेस्ट चालवा.

पुष्कळदा त्या चालतच नाहीत. एखादं पॅकेज लागतं ते कुठे लिहिलेलंच नसतं, किंवा लिनक्सवर चालतं ते विंडोजवर मोडतं. इथे नवखी मुलं समजतात की आपलंच काहीतरी चुकलं आणि सोडून देतात. सोडू नका! जुन्या मेंटेनरच्या, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याच्या, मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं, त्याला ही अडचण दिसूच शकत नाही, ती दिसते फक्त नव्या माणसाला आणि तीही पहिल्या दिवशीच. त्यामुळे काय काय टाइप केलं, कुठे अडलं, कशाने सुटलं हे लिहून ठेवा आणि रीडमी सुधारणारी छोटी पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा हा बदल घ्या अशी विनंती, पाठवा. माझ्या हिशेबी ही सगळ्यात कामाची पहिली पुल रिक्वेस्ट.

पायरी तिसरी: इश्यू घडवून बघा

मेंटेनन्सचा मोठा भाग इथेच जातो म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. कोणी इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, टाकला की लगेच कोड उघडून दुरुस्त करायला बसू नका, आधी तो प्रॉब्लेम आपल्याकडे घडतो का ते बघा. त्यासाठी चार गोष्टी लागतात, लायब्ररीचं व्हर्जन, पायथनचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ज्याने प्रॉब्लेम घडतो असा सगळ्यात छोटा कोड. नसतील तर शांतपणे मागा. "हे काम करत नाही" एवढंच लिहिणारा माणूस आळशी असतो असं नाही, त्याला काय सांगायचं तेच माहीत नसतं, आणि इश्यूचा टेम्प्लेट करून ठेवला की निम्मी विचारपूस वाचते.

आता एक नमुना बघा. शब्दांची यादी एका टेक्स्ट फाइलमधून वाचणाऱ्या कोडबद्दल दोन इश्यू आलेत असं समजा. एक जण म्हणतो की मराठीऐवजी विचित्र चिन्हं दिसतात, दुसरा म्हणतो की प्रोग्रॅम थेट युनिकोड डीकोड एरर देऊन थांबतो. वाचताना दोन वेगळे बग वाटतात. दोघांना ऑपरेटिंग सिस्टिम विचारली तर दोघंही विंडोजवर, आणि मग धागा सापडतो. पायथनमधे ओपन करताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर विंडोजवर तो सिस्टिमचं जुनं कोडपेज धरतो, आपल्याकडच्या इंग्लिश सेटिंगच्या विंडोजवर ते असतं १२५२. फाइल असते यूटीएफ-८मधे. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८मधे तीन बाइटचं असतं, आणि १२५२ त्या तीन बाइटची तीन वेगळी युरोपियन चिन्हं करून दाखवतं. "मराठी" हा शब्द असा कचरा होऊन का होईना पण वाचला जातो. "अक्षरी" मात्र वाचला जात नाही, कारण त्यात जोडाक्षर आहे, जोडाक्षरात हलन्त आहे, हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आहे आणि १२५२मधे ८डीला कुठलंच चिन्ह दिलेलं नाहीये. म्हणून ज्याच्या फाइलमधे असा चिन्ह नसलेला बाइट नव्हता त्याला कचरा दिसला आणि ज्याच्या फाइलमधे होता त्याला एरर आली, बग एकच. दुरुस्ती काय, तर ओपनमधे एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायचं, बस. पायथन ३.१५ पासून तेच डीफॉल्ट करायचं ठरलंय, पण जुनी पायथन व्हर्जन्स लोकांकडे पुढची कित्येक वर्षं राहणार, तेव्हा लिहायचंच.

ह्यात कोड बदलला एका ओळीचा, बाकी सगळं काम म्हणजे विचारणं, वाचणं आणि दोन इश्यू एकमेकांना जोडणं. नव्या माणसाला हे काम पहिल्या आठवड्यात जमू शकतं. कुठल्याही लायब्ररीतला जुना, उत्तर न मिळालेला इश्यू उघडा, तो आजच्या व्हर्जनवर घडवून बघा आणि लिहा की अमुक व्हर्जनवर, अमुक पायथनवर, विंडोज ११वर मला हे असं दिसलं, सोबत पाच ओळींचा कोड. घडला नाही तरी तेही लिहा. एवढ्याने मेंटेनरचा एक तास वाचतो आणि तुमचं नाव त्याच्या लक्षात राहतं.

"आधी चालायचं, आता चालत नाही" असा इश्यू असेल तर गिट बायसेक्ट शिकून घ्या. कमिट म्हणजे गिटमधे नोंदवलेला एकेक बदल. चालणारा जुना कमिट आणि मोडलेला नवा कमिट सांगायचा, तो मधला काढून देतो, तुम्ही टेस्ट चालवून चांगला की वाईट सांगायचं, की तो परत उरलेल्यातला मधला काढतो. हजार कमिटमधून गुन्हेगार कमिट दहाएक वेळात हाती लागतो. कोडबेस अजिबात माहीत नसला तरी हे जमतं.

पायरी चौथी: आधी मोडणारी टेस्ट, मग दुरुस्ती

बग घडला की तो पकडणारी टेस्ट लिहायची, ती नापास होताना डोळ्याने बघायची, मग कोड दुरुस्त करायचा. क्रम उलटा केला तर टेस्ट कशानेही पास होते आणि ती खरंच बग पकडते का हे कळत नाही. टेस्टच्या शेजारी इश्यूचा नंबर लिहा. तीन वर्षांनी कोणीतरी म्हणेल की ही विचित्र टेस्ट कशाला ठेवलीये, काढून टाकू, तेव्हा तो नंबर उपयोगी पडतो.

आमच्याकडे अशी एक जागा आहे, आकड्यांच्या नावांची. कोडमधे शंभर नावांची सरळ यादी आहे आणि नवीन येणाऱ्याला ती बघवत नाही, म्हणतात की ९वर संपणारा आकडा असेल तर पुढच्या दशकाला "एकोण" लावा, यादी छोटी होईल. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी, एकोणनव्वद, छान चालतं, पण १९ला "एकोणवीस" होतं आणि ९९ला "एकोणशंभर", आणि अशी पावती हातात पडल्यावर दुकानदार आपल्याला काय म्हणेल ते सांगायला नको. म्हणून टेस्टमधे १ ते १०० सगळेच्या सगळे आकडे आहेत, नमुन्याचे दहा नाहीत. आणि इंदूरात तर हे जास्तच लागतं, कारण आमच्याकडची पोरं घरी मराठी बोलतात पण मोजतात हिंदीतच, उन्यासी-नवासी-निन्यानवे, त्यामुळे कोड बरोबर असून शब्द हिंदी वळणाचा येतो. अशा पुल रिक्वेस्टवर मी लिहिते की घरात आजी-आजोबा असतील तर यादी त्यांना वाचून दाखवा आणि मग पाठवा. आलेली उत्तरं खरोखर चांगली असतात, एकीच्या आजीने यादीतला ऱ्हस्व-दीर्घ सुद्धा सुधारून दिला.

पायरी पाचवी: पुल रिक्वेस्ट, पाठवायची आणि तपासायची

पाठवताना एका पुल रिक्वेस्टमधे एकच गोष्ट. बग दुरुस्त करता करता फाइलभर स्पेस नीट केल्या, नावं बदलली, इंपोर्ट लावून घेतले असं करू नका, तपासणाऱ्याला खरा बदल शोधावा लागतो. कमिट मेसेजमधे काय बदललं ते कमी आणि का बदललं ते जास्त लिहा, काय बदललं ते डिफमधे, म्हणजे आधीच्या-नंतरच्या फरकात, दिसतंच.

तपासायची वेळ तुमच्यावर आली की आधी माणसाचे आभार, मग कोड. त्याची ब्रांच (बदललेल्या कोडची प्रत) स्वतःकडे ओढून चालवून बघा, नुसतं वेबपेजवर डिफ वाचून मर्ज करू नका, म्हणजे मुख्य कोडमधे मिसळू नका. हल्ली बऱ्याच पुल रिक्वेस्ट एआयकडून लिहून घेतलेल्या येतात. माझा नियम असा की कोड कुठूनही येवो, पाठवणाऱ्याला ओळ न् ओळ समजावता आली पाहिजे आणि त्याने टेस्ट स्वतः चालवलेली पाहिजे. दोन प्रश्न विचारले की लगेच कळतं. नुसत्या आकड्यासाठी पाठवलेल्या पुल रिक्वेस्ट ही जुनी डोकेदुखी आहे, २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमधे, म्हणजे ऑक्टोबरभर पुल रिक्वेस्ट पाठवायच्या मोहिमेत, टी-शर्ट मिळावा म्हणून रीडमीत एक-दोन शब्द घुसवणाऱ्या इतक्या आल्या की आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलून, ज्या प्रोजेक्टने स्वतः होकार दिलाय तिथलंच धरू, असं करावं लागलं. तुम्ही तसं करू नका, मेंटेनर लोक नावं लक्षात ठेवतात.

आणि नाही म्हणायला शिका. हे सगळ्यात जड जातं, आपल्याला कोणाला तोंडावर नाही म्हणायची सवय नसते. पण घेतलेलं प्रत्येक फीचर पुढे तुम्हालाच सांभाळायचंय, पाठवणारा त्याच्या मार्गाने निघून गेलेला असतो. मी साधारण असं लिहिते: "कल्पना चांगली आहे, मेहनतही दिसतेय, पण पंचांगाची तिथी काढणं ह्या लायब्ररीच्या कामात बसत नाही. तुम्ही त्याचं वेगळं पॅकेज केलंत तर रीडमीत त्याची लिंक नक्की टाकेन." कारण सांगा, पर्याय द्या, आणि पुल रिक्वेस्ट बंद करा. "बघू" असं म्हणून सहा महिने लटकवून ठेवलेलं जास्त वाईट, त्यात समोरच्याची आशा लागून राहते.

पायरी सहावी: व्हर्जन नंबर आणि जुनं काढणं

तीन आकड्यांचं व्हर्जन असतं, २.४.१ असं. बग दुरुस्त केला तर शेवटचा वाढवायचा, जुनं न मोडता नवीन काही दिलं तर मधला, आणि वापरणाऱ्याचा चालता कोड मोडू शकेल असं काही केलं तर पहिला. ह्याला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. नियम सोपा आहे, अवघड असतं ते काय मोडेल हे ओळखणं.

उदाहरण देते. मराठी "ऱ" दोन प्रकारे साठवता येतो, एकतर ०९३१ हा एकच कोड पॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा नंबर), नाहीतर ०९३० म्हणजे "र" आणि त्याला ०९३सी म्हणजे नुक्ता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, पण पायथनला विचारलं तर एकाची लांबी १ आणि दुसऱ्याची २, तुलना केली तर वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोडच्या नियमाने एकाच रूपात आणणं, केलं की दोन्ही ०९३१ होतात. मग कोणी म्हणतं, येणाऱ्या सगळ्या टेक्स्टला आपणच एनएफसी करून परत देऊ या ना, सोयच होईल. पण समजा एखाद्याने आपल्याकडून आलेली स्ट्रिंग डेटाबेसमधे किल्ली म्हणून ठेवलीये, अपग्रेडनंतर तीच नोंद त्याला सापडणार नाही, आणि एररही येणार नाही. म्हणून शोधताना आतल्या आत नॉर्मलाइझ करायचं, परत देताना त्याने दिलेलं होतं तसंच द्यायचं. आणि हेही ध्यानात ठेवा की "ॲ" हा ०९७२ आणि "अ"वर चंद्र देऊन केलेला, हे दोन एनएफसीने एक होत नाहीत, युनिकोडच्या लेखी ते वेगळेच आहेत, त्यासाठी स्वतः नियम लिहावा लागतो.

एखादं फंक्शन काढायचंच असेल तर आधी डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे हे पुढे काढणार आहोत अशी सूचना, द्या, कशाऐवजी काय वापरायचं ते त्याच वाक्यात सांगा, स्टॅकलेव्हल २ द्या म्हणजे वॉर्निंगमधे तुमच्या लायब्ररीची नाही तर वापरणाऱ्याची ओळ दिसते. पण नुसत्या वॉर्निंगवर भरवसा ठेवू नका, पायथन ही वॉर्निंग डीफॉल्टने फक्त मुख्य स्क्रिप्टमधल्या कोडसाठी दाखवतो, बाकीच्यांना ती सहसा पायटेस्टसारख्या टूलने टेस्ट चालवल्या तरच दिसते. म्हणजे जो टेस्ट लिहीत नाही त्याला काढेपर्यंत पत्ताच नसतो. खुद्द पायथनचं बघा, डिस्टयुटिल्स हे पॅकेज बनवायचं जुनं मॉड्यूल ३.१०मधे डेप्रिकेट केलं आणि ३.१२मधे, म्हणजे ऑक्टोबर २०२३मधे काढलं, मधे दोन वर्षं दिली, तरी कितीतरी जुन्या पॅकेजचे बिल्ड त्या दिवशी मोडले. तेव्हा चेंजलॉगमधे (बदलांच्या यादीत) लिहा, रीडमीत वर लिहा, आणि जुनं नाव ठेवण्याचा खर्च दोन ओळींचा असेल तर ठेवाच, काढायची घाई कशाला?

पायरी सातवी: डिपेंडन्सी आणि दर ऑक्टोबरचं काम

लायब्ररीला दुसऱ्या लायब्रऱ्या जितक्या कमी लागतील तितकं बरं. मार्च २०१६मधे एनपीएम ह्या जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, आणि बॅबेलसारख्या मोठ्या प्रोजेक्टपर्यंत जगभरचे बिल्ड अडले, कारण कोणाच्या तरी डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीत ते होतं. दहा-वीस ओळी स्वतः लिहिता येत असतील तर लिहा. जी घ्यालच तिची कमीत कमी किती व्हर्जन चालते ते लिहा, नेमका एकच नंबर बांधून टाकू नका, नेमके नंबर बांधणं हे ॲप बनवणाऱ्याचं काम, लायब्ररीने बांधले तर दोन लायब्रऱ्या एकत्र बसतच नाहीत.

पायथनचं नवीन व्हर्जन दर ऑक्टोबरमधे येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट असतो, म्हणजे त्याच सुमारास एक जुनं गळतं, ३.१४ आलं ऑक्टोबर २०२५मधे आणि त्याच महिन्यात ३.९ संपलं. मी हे काम दिवाळीच्या सुट्टीत घेते. सीआयच्या, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, यादीत नवीन व्हर्जन घालायचं, काय मोडतं बघायचं, जुनं काढायचं. काढताना रिक्वायर्स-पायथन ही ओळ बदलायला विसरू नका, ती बरोबर असेल तर जुन्या पायथनवाल्याला पिप आपोआप तुमची मागची चालणारी रिलीज देतो, त्याचं काही मोडत नाही. ह्या ओळीत वरची मर्यादा मात्र घालू नका.

पायरी आठवी: रिलीज

क्रम असा. चेंजलॉग माणसाला समजेल असा लिहा, कोणी मदत केली त्याचं नाव घाला, व्हर्जन वाढवा, गिटमधे त्या व्हर्जनची खूण म्हणजे टॅग लावा, आधी टेस्टपायपीआय ह्या सरावाच्या जागेवर टाकून नव्या कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमधे इन्स्टॉल करून बघा, मग खऱ्या पायपीआयवर, जिथून पिप पॅकेजं आणतो. एकदा चढवलेल्या फाइलचं नाव पायपीआय परत वापरू देत नाही, डिलीट केली तरी नाही, म्हणून ही रंगीत तालीम लागतेच. खराब रिलीज गेलीच तर डिलीट करू नका, यँक करा. यँक केल्यावर नवीन माणसाला ती मिळत नाही, पण ज्याने तोच नंबर बांधून ठेवलाय त्याचा बिल्ड चालू राहतो. मग लगेच पुढचा नंबर काढा. आणि रिलीज अशा दिवशी करा की दुसऱ्या दिवशी तुम्ही जाग्यावर असाल. शुक्रवारी संध्याकाळी नाही, आणि इंदूरवाल्यांनी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी तर नाहीच, गेरमधे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर असताना कोणाचा इश्यू वाचणार?

बिल्ड आपल्या लॅपटॉपवर न करता सीआयमधे, टॅगवरूनच करा आणि ट्रस्टेड पब्लिशिंग लावा म्हणजे पासवर्ड-टोकन कुठे ठेवायलाच लागत नाही. ह्याला कारण आहे, ते पुढच्या पायरीत येतं.

पायरी नववी: किल्ल्या कोणाच्या हातात

पायपीआयवर १ जानेवारी २०२४पासून सगळ्यांना टू फॅक्टर सक्तीचं आहे. रिकव्हरी कोड कागदावर छापून घरी कपाटात ठेवा, फोन हरवला की कळतं त्याची किंमत. सिक्युरिटीची फाइल रिपॉझिटरीत ठेवा आणि गिटहबचं प्रायव्हेट रिपोर्टिंग चालू करा, म्हणजे कोणाला भोक सापडलं तर तो उघड्या इश्यूत टाकणार नाही.

आता एक्सझेडचं प्रकरण, हे प्रत्येक नव्या मेंटेनरने नीट समजून घ्यावं. एक्सझेड ही लिनक्सवर जवळपास सगळीकडे असणारी कॉम्प्रेशनची लायब्ररी, सांभाळणारा एकटा आणि थकलेला. "जिया टॅन" ह्या नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं चांगलं काम करत राहिलं, दुसऱ्या नावांनी मेंटेनरवर दबाव आला की तू हळू आहेस, कोणाला तरी सोबत घे, आणि शेवटी जिया टॅनला रिलीजचे हक्क मिळाले. मग ५.६.० आणि ५.६.१मधे मागचा दरवाजा आला. तो टेस्टच्या म्हणून टाकलेल्या बायनरी फाइलींत लपवलेला होता, आणि त्याला जागं करणारी स्क्रिप्ट गिटमधे नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमधे, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गाठोड्यात, होती. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस ह्या डेटाबेसचे डेव्हलपर, त्यांना एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी खोदून काढलं आणि २९ मार्च २०२४ला जाहीर केलं. म्हणून म्हणते, रिलीज टॅगवरूनच बनली पाहिजे, टेस्टमधे बायनरी फाइल आली तर ती कशी बनवली ते विचारलं पाहिजे, आणि कोणी कितीही घाई केली तरी हक्क पायरीपायरीने द्यायचे, आधी इश्यूला लेबल लावायचे, मग मर्जचे, रिलीजचे सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो प्रत्यक्ष ओळखीच्या माणसाला.

पण म्हणून एकट्याने धरून बसू नका. एकटा थकलेला माणूस हीच तिथली कमजोर जागा होती. माझ्या लायब्ररीवर ग्वाल्हेरची एक मैत्रीण दुसरी ओनर आहे, कॉलेजपासूनची ओळख, आम्ही एकमेकींच्या पुल रिक्वेस्ट तपासल्याशिवाय रिलीज करत नाही. मी आजारी पडले किंवा ऑफिसात डेडलाइन असली तरी काम अडत नाही.

पायरी दहावी: वेळ, आणि थांबणं

रोज थोडं करू असं ठरवून चालत नाही, नोटिफिकेशन जेवताना सुद्धा पिच्छा सोडत नाहीत. मी नोटिफिकेशन बंद ठेवते आणि आठवड्यातली एक ठरलेली वेळ बसते, रविवारी सकाळी पोहे झाले की दुपारपर्यंत, आणि रीडमीत तसं लिहिलंय की उत्तर यायला आठवडा लागू शकतो. लिहिल्यापासून "काय झालं?" विचारणारे मेसेज कमी झाले. सोपे इश्यू स्वतः पटापट संपवू नका, त्यांना गुड फर्स्ट इश्यू लेबल लावा, कुठली फाइल बघायची तेवढं लिहून सोडा, नवीन माणूस त्यातूनच तयार होतो. कोणी अंगावर येऊन बोललं तर एकदा सभ्यपणे सांगा, दुसऱ्यांदा इश्यू लॉक करा, वाद घालत बसू नका.

आणि कधीतरी जमेनासं होईल, नोकरी बदलेल, घरी बाळ येईल, विषयातलं मन उडेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त गुपचूप गायब होऊ नका. सांभाळणारं कोणी विश्वासाचं मिळालं तर वर सांगितलं तसं हळूहळू सोपवा. नाही मिळालं तर एक शेवटची रिलीज काढा, रीडमीच्या पहिल्या ओळीत लिहा की आता सांभाळ होत नाही आणि ह्याऐवजी काय वापरता येईल, पॅकेजच्या माहितीत स्टेटस इनॲक्टिव्ह करा, उघड्या इश्यूंवर एक निरोप टाका, मग गिटहबवर आणि पायपीआयवर दोन्हीकडे अर्काइव्ह करा. पॅकेज डिलीट करू नका, ज्याच्या पावत्या त्यावर छापल्या जातायत त्याला ते इन्स्टॉल करता आलं पाहिजे. आणि जुनी टोकन राहिली असतील तर ती सगळी रद्द करून टाका.